जवळ नेण्याची रीत

मराठीत ‘बळी’ म्हटले की डोळ्यांसमोर आधी सुरी येते. अपघाताने दोघांचा बळी घेतला, दुष्काळात इतके बळी गेले, राजकारणात अमक्याचा बळी दिला, अशी वाक्ये आपण रोज वाचतो आणि त्या प्रत्येक वाक्यात कोणीतरी नाहक मेलेला असतो. हा अर्थ मनात ठेवून मराठी वाचक ‘पवित्र शास्त्र’ उघडतो आणि ‘लेवीय’ या पुस्तकापाशी येतो, तेव्हा तो दचकतो. तिथे रक्त आहे, चरबी आहे, गुरदे आहेत, छावणीबाहेर नेऊन टाकायची राख आहे. सुशिक्षित वाचक म्हणतो, रानटी काळातले विधी आहेत, पुढे चला. श्रद्धाळू ख्रिस्ती वाचक म्हणतो, ही सगळी क्रुसाची पूर्वछाया आहे. प्रत्यक्ष वस्तू आल्यावर छायेकडे कशाला पाहायचे? दोघांची मते निराळी असली तरी गृहीत एकच आहे. यज्ञ म्हणजे मारणे, असे दोघांनीही धरलेले आहे. आज मला हे गृहीतच तपासायचे आहे. यहुदी आणि ख्रिस्ती शास्त्रांत मारणे हा यज्ञातला सर्वांत थोडक्यात उरकलेला भाग आहे. त्याचा गाभा आहे तो जवळ नेण्यात आणि एका ताटावर बसण्यात. याचा पुरावा यरुशलेमच्या मंदिरात तर आहेच. पण अलिबागच्या किनाऱ्यावर आणि मराठवाड्यात जालन्याच्या परिसरातही तो सापडतो, म्हणून हा विषय या व्याख्यानमालेत मांडण्याचे धाडस करतो आहे.

शब्दापासून सुरुवात करू. हिब्रू शास्त्रात सर्व प्रकारच्या अर्पणांना मिळून जो शब्द आहे तो ‘कोर्बान’. क-र-ब या धातूचा अर्थ जवळ येणे, आणि त्याच्या प्रयोजक रूपाचा अर्थ जवळ आणणे. ‘लेवीय’च्या पहिल्या अध्यायात ‘कोणी अर्पण आणले तर’ असे आपण मराठीत वाचतो. मूळ हिब्रूचा शब्दशः अर्थ ‘कोणी जवळ आणण्याची वस्तू जवळ आणली तर’ असा होतो. मराठवाड्याला हा धातू मुळीच परका नाही. बकरी ईदची ‘कुर्बानी’ याच सेमिटिक धातूपासून आलेली आहे आणि हिंदी-उर्दूतला रोजचा ‘करीब’ही त्याचाच सख्खा भाऊ आहे. बाजारात कोणालाही ‘करीब’चा अर्थ विचारला तर ‘मरण’ असे उत्तर येणार नाही. आपल्या ‘बली’ शब्दाचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. वैदिक भाषेत बली म्हणजे राजाला द्यायचा कर, खंडणी, भाग. वैश्वदेवानंतर भूतमात्रांसाठी बाहेर ठेवलेला घासही बलीच, आणि त्यात कोणाचे रक्त सांडत नाही. हिब्रूत अगदी असाच एक शब्द आहे, ‘मिन्हा’. याकोबाने रागावलेल्या भावाला, एसावाला, पुढे पाठवलेली भेट म्हणजे मिन्हा. दाविदाला मवाबी लोकांनी दिलेली खंडणी म्हणजे मिन्हा. आणि वेदीवर आणलेले पीठ म्हणजेही मिन्हा. मराठी बायबलांत कुठे ‘होमबली, अन्नबली, पापबली’ अशी मालिका दिसते, तर कुठे ‘होमार्पण, धान्यार्पण, पापार्पण’ अशी. आजच्या कानाला ‘अन्नबली’ विचित्र वाटतो, कारण अन्न मरत नाही. पण जुना अर्थ ध्यानात घेतला तर ‘मिन्हा’ला याहून नेमका शब्द मिळणे कठीण.

यावर कोणी म्हणेल की व्युत्पत्तीवर इमारत उभारू नये. शब्दाचे मूळ एक आणि वापर दुसराच, असे नेहमी घडते. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून शब्द सोडून कृतीकडे येतो. ‘लेवीय’मधला विधी पायरी-पायरीने वाचला की पहिले आश्चर्य हे वाटते की पशू कापण्याचे काम याजकाचे नाही. ते ज्याचा पशू आहे त्याने, म्हणजे साध्या गृहस्थाने, करायचे असते. याजकाचे काम त्यानंतर सुरू होते: रक्त वेदीशी नेणे, चरबी अग्नीवर ठेवणे, वाटे करणे. मारणे हाच विधीचा कळस असता तर तो पुरोहितवर्गाने स्वतःच्या हातून कधीच जाऊ दिला नसता. रक्ताबद्दल शास्त्र स्वतःच कारण देते: देहाचा जीव रक्तात आहे. म्हणून ते खायचे नाही. ज्याने जीव दिला त्याच्याकडे ते परत करायचे. वेदीवर जे जाते ते जीवन म्हणून जाते. रोज सकाळी आणि संध्याकाळी जो नित्ययज्ञ होई, त्यात एका कोकराबरोबर ठरलेल्या मापाचे पीठ, तेल आणि द्राक्षारस असे. आणि मीठ तर प्रत्येक अर्पणात सक्तीचे. मांस, भाकरी, तेल, पेय, मीठ: हे पूर्ण वाढलेले ताट आहे. आपल्याकडे नैवेद्याचे पान वाढताना मीठ-लिंबापासून सुरुवात करतात, ती दृष्टी असलेल्या माणसाला हा विधी युरोपातल्या पंडितांपेक्षा लवकर कळायला हवा. देवाला भूक लागते म्हणून हे ताट नसते, हे स्तोत्रकर्त्याने देवाच्याच तोंडी घालून पन्नासाव्या स्तोत्रात ठणकावले आहे. पाहुण्याला आपण जेवू घालतो तेही तो उपाशी आहे म्हणूनच, असे थोडेच असते?

गरिबाचे काय, हा प्रश्न शास्त्राने टाळलेला नाही. ऐपत असेल तर मेंढी किंवा बकरी, नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले, आणि तेही जमत नसेल तर एफा या मापाचा दहावा भाग सपीट, तेलाशिवाय आणि धुपाशिवाय. ही उतरती भाजणी ‘लेवीय’च्या पाचव्या अध्यायात आहे आणि ती पापाच्या अर्पणासाठी आहे, हे अधोरेखित केले पाहिजे. म्हणजे क्षमेसाठी रक्त लागतेच, असा नियम खुद्द लेवीय शास्त्रातच नाही. मूठभर पिठानेही तेच काम होते आणि शास्त्र त्याला कमी लेखत नाही. इथे ख्रिस्ती अभ्यासक नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या नवव्या अध्यायाकडे बोट दाखवतील, जिथे रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही, अशा आशयाचे विधान आहे. ते विधान आहेच. पण त्याच वाक्यात पत्रलेखकाने ग्रीकमध्ये ‘जवळजवळ’ असा अर्थ असलेला शब्द घातला आहे: नियमशास्त्राप्रमाणे जवळजवळ सर्व काही रक्ताने शुद्ध होते, असे तो म्हणतो. त्याला पिठाचा अपवाद ठाऊक असावा, म्हणूनच त्याने शब्द मोजून वापरला. पुढच्या शतकांतल्या प्रवचनकारांनी ते ‘जवळजवळ’ सोडून दिले.

आता ज्या अर्पणाला हिब्रूत ‘शेलामीम’ आणि मराठीत ‘शांत्यर्पण’ म्हणतात, तिथे थोडे थांबू. माझ्या म्हणण्याचा खरा आधार तोच आहे. यात चरबी वेदीवर, छाती आणि उजवी मांडी याजकांना, आणि उरलेले सगळे मांस अर्पण करणाऱ्याच्या घरी. त्याला मुदत आहे. नवसाचे असेल तर दोन दिवस, तिसऱ्या दिवशी उरलेले जाळून टाकायचे. उपकारस्तुतीचे, म्हणजे ‘तोदा’चे असेल तर त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही, आणि त्याबरोबर बेखमीर भाकरी आणि खमीर घातलेल्या भाकरीही असतात. एका कुटुंबाने एका दिवसात अख्खा पशू आणि इतक्या भाकरी संपवायच्या म्हणजे काय करायचे? शेजारीपाजारी बोलवायचे, दुसरा उपाय नाही. मांस साठवता येणार नाही, विकता येणार नाही, श्रीमंताने आपल्याच चुलीवर आठवडाभर पुरवता येणार नाही, अशी ही तरतूद आहे. मराठवाड्याच्या गावांत नवसाची कंदुरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. बोकड एकाचा, पंगत गावाची. माझ्या बोलण्यातून कोणी पशुहत्येचे समर्थन काढू नये. गाडगेबाबांनी देवापुढच्या हत्येविरुद्ध आयुष्यभर जे सांगितले त्याच्या बाजूने मी आहे. पण ज्याला विरोध करायचा ते नीट समजून घेतलेले बरे; आणि समजून घेतले तर दिसते की या विधीचे प्राण पंगतीत होते. १८८९ मध्ये विल्यम रॉबर्टसन स्मिथ या स्कॉटिश पंडिताने सेमिटिक धर्मांवरच्या आपल्या व्याख्यानांत यज्ञ हे मुळात सहभोजन आहे, असे प्रतिपादन केले होते. मात्र पुरोहितांच्या विधिग्रंथात त्याला त्या सहभोजनाचा ऱ्हास दिसला. मला तो ग्रंथ वाचताना उलट वाटते: सहभोजन टाळता येऊ नये म्हणूनच हे सगळे नियम घट्ट बांधलेले आहेत.

पण पापाचे ओझे पशूवर लादून त्याला मारतात, ही तर सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा अध्याय, ‘लेवीय’चा सोळावा, मग बारकाईने वाचावा लागेल. तिथे दोन बकरे आहेत. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी ठरतो, दुसरा रानासाठी. पहिला कापतात, त्याचे रक्त परमपवित्रस्थानात नेऊन शिंपडतात आणि त्याने शुद्ध होते ते मंदिर, लोकांच्या अशुद्धतेने डागाळलेले. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रमुख याजक दोन्ही हात ठेवून सगळ्यांची पापे कबूल करतो, ती त्याच्यावर घालतो आणि त्याला जिवंत रानात सोडून देतात. म्हणजे ज्याचे अर्पण होते त्याच्यावर पाप लादलेले नसते आणि ज्याच्यावर पाप लादतात तो अर्पण होत नाही. पापाने भरलेली वस्तू देवाच्या पुढ्यात कोण नेईल? जेकब मिल्ग्रोम यांनी ‘लेवीय’वरच्या आपल्या तीन खंडी भाष्यात आयुष्यभराच्या अभ्यासातून हाच मुद्दा लावून धरला आहे: ज्याला आपण पापबली म्हणतो ते ‘हत्तात’ खरे तर शुद्धीकरणाचे अर्पण आहे, रक्त हे तिथले धुण्याचे पाणी आहे. घर झाडल्याशिवाय पाहुण्याला बोलवत नाहीत, तसे.

दुसरा मोठा आक्षेप संदेष्ट्यांच्या नावाने घेतला जातो. आमोस, होशेय, यशया, मीखा या सर्वांनी यज्ञांचा तिटकारा व्यक्त केला. मग यज्ञ हा धर्माचा गाभा कसा? यशयाच्या पहिल्याच अध्यायाकडे पाहू. तिथे देवाला होमांचा वीट आला आहे, हे खरे. पण तिथेच तो असेही म्हणतो की तुमचे पसरलेले हात मी पाहणार नाही आणि तुमच्या प्रार्थना ऐकणार नाही, कारण ते हात रक्ताने माखले आहेत. यावरून यशयाला प्रार्थनाच नको होती, असे कोणी म्हणत नाही. अनाथाला लुबाडून वेदीशी येणे म्हणजे शेजाऱ्याला पंगतीतून हाकलून पाहुण्याशेजारी बसणे. संदेष्ट्यांचा संताप या विसंगतीवर आहे, आणि यज्ञ म्हणजे जवळीक असेल तरच या संतापाला अर्थ आहे. यज्ञ म्हणजे केवळ मारणे असते तर मारणाऱ्याचे हात स्वच्छ असण्या-नसण्याने काही बिघडले नसते.

मांस नसले तर चालते का, या प्रश्नाचा एक विलक्षण दाखला दक्षिण इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर मिळतो. (मुंबईजवळच्या घारापुरीशी याचा संबंध नाही.) इसवी सन पूर्व पाचव्या शतकात इराणी साम्राज्याच्या चाकरीतली यहुदी शिबंदी तिथे राहत होती आणि त्यांचे स्वतःचे मंदिर होते. इ. स. पूर्व ४१० मध्ये ते उद्ध्वस्त झाले. पुन्हा बांधू द्यावे म्हणून त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला लिहिलेला अर्ज पपायरसवर टिकून राहिला आहे. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या होत्या: अन्नार्पण, धूप आणि होम. परवानगीच्या टिपणात पहिल्या दोनच आहेत. पशूचा होम वगळला आणि तरी मंदिर हे मंदिरच राहिले. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले तेव्हा हाच प्रश्न साऱ्या यहुदी समाजापुढे आला. रब्बी योहानान बेन झक्काय यांच्याविषयी परंपरा सांगते की अवशेष पाहून रडणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी धीर दिला: प्रायश्चित्ताचे तितकेच समर्थ साधन आपल्याजवळ उरले आहे, ते म्हणजे दयेची कृत्ये. सकाळ-दुपारच्या प्रार्थना नित्ययज्ञाच्या वेळांना बांधल्या गेल्या. दुपारच्या प्रार्थनेचे नाव आजही ‘मिन्हा’च आहे. आणि घरातले जेवणाचे टेबल हे वेदीच्या जागी आले, असे तलमूदने म्हटले. म्हणून भाकरी मिठात बुडवून खाण्याची रीत. बाराव्या शतकात यहुदी पंडित मैमोनिदीसने यज्ञ ही माणसाच्या जुन्या सवयींना दिलेली सवलत होती, असे मांडले. तेराव्यात नाखमानिदीसने त्याला कडक विरोध केला. मला या वादात नाखमानिदीस जवळचा वाटतो. सवलत म्हणून दिलेली गोष्ट इतक्या प्रेमाने, मिठापर्यंत तपशील लावून कोणी सांगत नाही.

आता आपल्या मुलखात येऊ. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, नवगावजवळ गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. हा समाज मराठी बोलत आला. पेणकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी गावांवरून आडनावे, तेलाच्या घाण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. या लोकांच्या सणांची जुनी मराठी नावे ऐकली तरी त्यांची मुळे किती खोल गेली होती ते कळते. प्रायश्चित्ताचा दिवस हा ‘दारफाळणीचा सण’: दारे लावून, पांढरे नेसून, उपाशी राहून पाळायचा. मंदिराच्या नाशाचा उपास हा ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो सोडताना वालाचे बिरडे. आणि माघाच्या सुमारास, शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, अलिबागजवळ खंडाळ्याला ‘एलियाहू हनबीचा उरूस’. संदेष्टा एलिया अग्निरथातून स्वर्गात जाताना तिथल्या कातळावर टेकला, त्याच्या रथाची आणि घोड्यांची खूण दगडात उमटली, अशी श्रद्धा. खुलताबादच्या उरुसाला जाणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला हा शब्द घरचाच वाटेल.

या समाजाचा मुख्य विधी म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, गूळ किंवा साखर, वेलदोडा, मनुका, बदाम. ताटाभोवती फळे, खजूर आणि सुवासिक पाला. एलियाहू हनबीची हिब्रू स्तुती गातात, झाडाच्या फळासाठी वेगळा, जमिनीच्या पिकासाठी वेगळा, सुगंधासाठी वेगळा असे आशीर्वाद म्हणतात आणि मग सर्वांना वाटतात. नवस फेडायचा असो, लग्नाआधी, नव्या घरात, दुखण्यातून उठल्यावर, लांबच्या प्रवासापूर्वी, मलिदा होतो. जुन्या पिढ्यांत नवसाच्या मुलाचे केस काही वर्षे राखून मग उतरवत आणि त्यांच्या भारोभार दान देत; शास्त्रातल्या नाझीर व्रताची ही कोकणी आवृत्ती. आता ‘लेवीय’चा दुसरा अध्याय आठवा: धान्य, तेल, ऊद, देवासाठी एक मूठ आणि बाकीचे माणसांनी खाणे. उपकारस्तुतीचा सातवा अध्याय आठवा: आनंदाच्या प्रसंगी बोलावलेले लोक आणि त्याच वेळी संपवायचे ताट. वेदी नाही, याजक नाही, मंदिर हजारो कोसांवर आणि तेही पडलेले. तरी यज्ञाचे व्याकरण शाबूत आहे. आणि हे सगळे कोणाच्या नावाने? ज्याने कर्मेल डोंगरावर बारा दगडांची वेदी रचून तिच्यावर आकाशातून अग्नी उतरवला त्या एलियाच्या नावाने. अग्नीच्या संदेष्ट्याला कोकणाने पोहे आणि नारळ वाढले, आणि त्यात काही उणे आहे असे कोणाला वाटले नाही.

इथे अभ्यासक हरकत घेतील, आणि ती वजनदार आहे. ‘मलिदा’ हा शब्द फारसीतून आलेला, दर्ग्यात चढवायच्या पदार्थाचा. आपल्याकडेही पीराला गूळ-चपातीचा मलिदा नेतात. मग हा विधी यरुशलेमचा की शेजारच्या दर्ग्याचा? माझे उत्तर असे की मी वंशावळ सांगत नाही. मलिदा थेट मंदिरातून आला असा पुरावा नाही, आणि तो शोधण्याची मला गरजही वाटत नाही. शेजाऱ्याची परात घेतली, शब्द घेतला, उरूस हे नावही घेतले. पण त्या परातीत काय मांडायचे, कोणता आशीर्वाद कशावर म्हणायचा आणि कोणत्या प्रसंगी, हे ठरवले ते आपल्या शास्त्राच्या आठवणीने. इस्राएललाही मंदिराचा आराखडा आणि वेदीचे पुष्कळ शब्द कनानी शेजाऱ्यांच्या जगातूनच मिळाले होते. उसनेपणाने खरेपणा जात असेल तर सुलेमानाचे मंदिरही खरे ठरणार नाही.

ख्रिस्ती शास्त्राकडे वळताना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण ती मंडळीतही विसरली जाते: येशूचे पहिले शिष्य मंदिरात जातच राहिले. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या एकविसाव्या अध्यायात पौल यरुशलेमला येतो आणि व्रत फेडणाऱ्या चौघांचा खर्च उचलतो; त्या खर्चात पशूंची अर्पणे आली. क्रुसामुळे यज्ञ रद्द झाला, असे त्यांना त्या दिवशी वाटत नव्हते. येशूने स्वतः ‘कोर्बान’ हा शब्द एकदाच, आणि रागाने, उच्चारलेला मार्काच्या सातव्या अध्यायात सापडतो. ग्रीक मजकुरात तो मूळ रूपातच ठेवला आहे. आईबापांना द्यायचे ते ‘कोर्बान’ म्हणून देवाला वाहिले असे जाहीर करायचे आणि त्यांना उपाशी ठेवायचे, या पळवाटेवर त्याने बोट ठेवले. जवळ नेण्याच्या शब्दाने जवळच्यांना दूर लोटण्याचा हा प्रकार होता. मराठी माणसाला इथे पुंडलिकाची कथा आठवते; तीत आईबापांची सेवा चालू असताना दारी आलेल्या देवाला वीट मिळते आणि देव तिच्यावर उभा राहतो. मार्काचा तो अध्याय ऐकून पंढरपूरचा वारकरी मान डोलावेल, त्याला टीपेची गरज लागणार नाही.

येशूने आपल्या मरणाचा अर्थ सांगायला वेदी निवडली नाही, जेवण निवडले. आणि सण निवडला तो वल्हांडणाचा, प्रायश्चित्ताचा नव्हे. वल्हांडणाचे कोकरू हे पापबली नाही. ते घरात, कंबर बांधून, घाईघाईने खायचे सुटकेचे अन्न आहे आणि सकाळपर्यंत त्यातलेही काही ठेवायचे नाही. पौलाने करिंथकरांना प्रभुभोजन समजावताना इस्राएलच्या यज्ञाचाच दाखला दिला: जे अर्पणातले खातात ते वेदीचे भागीदार होतात. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताचे काम पूर्ण होते ते तो पडद्याच्या आत जातो तेव्हा, आणि त्याचा निष्कर्ष म्हणून वाचकाला पुन्हापुन्हा सांगितले आहे: जवळ या. क-र-ब या धातूचा ग्रीक प्रतिध्वनीच तो. त्याच पत्राच्या शेवटी उपकार करणे आणि आपल्यातले दुसऱ्याला देणे यांनाच देवाला आवडणारे यज्ञ म्हटले आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सुगीनंतर उपकारस्तुतीला ज्वारी, फळे, कोंबड्या देवळात आणतात, तेव्हा ते याच ओळीत उभे असतात.

आणि तरीही एक अध्याय माझ्या मांडणीला सहज वश होत नाही. यशयाचा त्रेपन्नावा. तिथला परमेश्वराचा सेवक इतरांचे अपराध वाहतो, कोकराप्रमाणे मुकाट नेला जातो, आणि त्याचा जीव ‘आशाम’ म्हणून, दोषार्पण म्हणून, दिला जातो. एकाने दुसऱ्यासाठी सोसणे तिथे आहे, ते नाकारता येणार नाही. आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांनी क्रुसाचा अर्थ या अध्यायातून वाचला, हेही खरे. मी एवढेच दाखवू शकतो की ‘आशाम’ हे सर्व अर्पणांत भरपाईचे अर्पण आहे. ज्याचे लुबाडले त्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा परत केल्यानंतरच ते स्वीकारले जाई. म्हणजे इथेही तुटलेले नाते आधी जोडायचे आहे. ते नाते न जोडता केवळ शिक्षा दुसऱ्यावर ढकलणे, हा अर्थ नंतरचा आहे. १०९८ च्या सुमारास अँसेल्म या ख्रिस्ती पंडिताने देवाच्या अवमानाची भरपाई, असा सरंजामी युगाचा हिशेब मांडला. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी त्याला न्यायालयातल्या शिक्षेचे रूप दिले. आणि एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांबरोबर तेच रूप आपल्याकडे आले. ‘बळी’ या मराठी शब्दाला त्यामुळे जी धार चढली ती मोशेच्या ग्रंथातली नाही.

त्याच मिशनांच्या इतिहासात मात्र दुसरे एक चित्रही आहे. नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले ते हेच प्रकरण. या शेषाद्रींनी पुढे जालन्याला काम केले, प्रामुख्याने मांग आणि महार वस्त्यांत, आणि निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ गाव वसवले. त्याचे नाव ठेवले बेथेल, देवाचे घर. याकोबाने उशाच्या दगडावर तेल ओतून ज्या जागेला हे नाव दिले तिथे सुरी नव्हती, पशू नव्हता. मराठवाड्याच्या मातीत एका ब्राह्मणाने आणि मांगाने एक भाकर मोडून खाणे, हे त्या काळी कोणत्याही होमापेक्षा महाग अर्पण होते. करिंथच्या मंडळीवर पौल चिडला तो याच जागी: श्रीमंत आधी येऊन जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, तर हे प्रभूचे भोजनच नव्हे. आणि कोकणातल्या मलिद्याच्या ताटाभोवतीही रेघ होती. बेने इस्राएल समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. काळ्यांशी गोऱ्यांचा रोटीबेटी व्यवहार विसाव्या शतकात बराच काळ लोटेपर्यंत होत नसे. दोघेही एकाच एलियाहूची स्तुती गात.

शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली आणण्याचा विधी आहे. शेतकऱ्याने ती याजकाच्या हाती द्यायची आणि वेदीपुढे उभे राहून सांगायचे: माझा पूर्वज भटका होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, तिथून सुटलो, ही जमीन मिळाली, हे तिचे पीक. नंतर नमन करायचे. आणि मग सर्वांनी मिळून आनंद करायचा असे लिहिले आहे: तो, त्याचे घर, ज्याला जमीन नाही तो लेवी, आणि त्याच्यात राहणारा परका.